गोड्या पाण्याचा कप्पा

पहाटेची जपमाळ हातात घेऊन मी पुढच्या खोलीत आले, तर सहाया माझ्याआधीच गुडघे टेकून बसली होती. मातेच्या तसबिरीसमोर नव्हे, काचेच्या टाकीसमोर. मोबाइलच्या बॅटरीचा उजेड काचेतून आत टाकून ती माशांच्या कल्ल्यांकडे एकटक बघत होती.

"मामी, ही मोठी बघा. केवढी धापा टाकतेय."

मी वाकून बघितलं. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली ती जोकर माशांची जोडी. मादी दांडगी, नर तिच्या निम्म्याने. एरवी दोघं समुद्रफुलाच्या, त्या फुलासारख्या झुबकेदार प्राण्याच्या, कुशीतून हलत नसत. आता दोघं वर, पाण्याच्या तोंडाशी आली होती आणि हुशारी गेलेल्या लेकरासारखी तोंड उघडून बसली होती. खाली समुद्रफूल मुठीएवढं आक्रसून दगडाच्या फटीत शिरलं होतं.

"आज जास्त आहे का गं?"

"रोजच जास्त आहे मामी." तिने बॅटरी बंद केली. "परवा ते जहाजावरून येणार. मी काय दाखवू त्यांना? ही रिकामी टाकी?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने मणी पुढे सरकवला.

आमचा नेव्हिल जहाजावर इंजिनाच्या खात्यात आहे. वर्षातले बरेच महिने पाण्यावर, आणि उरलेल्या दिवसांत ह्या टाकीसमोर. जोडी त्याने मंडपमकडच्या, मासे पैदा करणाऱ्या उबवणीतून आणली होती, फूल एका मित्राने दिलं होतं. ह्या खेपेला निघताना त्याने माझ्या नव्या सुनेला, सहायाला, म्हटलं होतं, "ह्यांना तुझ्या हाती सोपवून चाललोय." ती दिंडिगलकडची, डोंगराच्या पायथ्याची. लग्नाआधी तिने समुद्र फक्त वेलांकण्णीच्या यात्रेत बघितलेला. ती घरात आल्यापासून आमच्या ह्यांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तिला चिडवायचं सोडलं नव्हतं. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणते.

आमचे हे, गास्पर कोरेरा, अख्खं आयुष्य शंख काढायला समुद्रात बुडी मारत आले. तूत्तुकुडीच्या आमच्या गल्लीत त्यांच्याइतका दम धरणारा दुसरा नव्हता. आता कान गेले, गुडघे गेले, पण समुद्राबद्दल दुसऱ्याने बोललेलं त्यांना अजून खपत नाही. सून टाकीसमोर बसली की खुर्चीतून बोलायचे, "डोंगरवाले मासे पाळायला लागले. उद्या आपण गच्चीत बकऱ्या पाळू, काय पुष्पम?"

मी हसायचे. सहायाही हसायची. पण रात्री भांडी लावताना मला म्हणायची, "मामी, मामा कधी तरी मला 'बरं केलंस' म्हणतील का?"

गेल्या महिन्यात हा सगळा गुंता सुरू झाला तो जागेवरून. चर्चच्या सणाच्या दिवसांत मातेची छोटी मूर्ती आमच्या गल्लीत घरोघरी एकेक मुक्काम करते. ह्या वर्षी आमच्या ह्यांनी आमचं घर नोंदवून टाकलं, नेव्हिल सुखरूप परत येतोय म्हणून. आमची पुढची खोली ती केवढी! आणि तिच्या एकुलत्या मोकळ्या कोपऱ्यात नेव्हिलचा पसारा: टाकीच्या पाठीमागे लटकवलेलं फेस काढायचं यंत्र, खाली जमिनीवर गाळणीचा डबा, स्टुलावर शेवाळ वाढवायचा टब, त्याच्यावर दिवा, शेजारी गोड्या पाण्याची बादली, आणि ह्या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या.

"ह्या मशिनरीत मातेला बसवायचं कुठे? पंपावर?" हे म्हणाले. "टाकी विकून टाका, नाहीतर अंगणात ठेवा."

अंगणात उन्हाने पाणी तापून दुपारपर्यंत सगळं संपलं असतं. सहायाने टाकीखालचं कपाट उघडून वितीने मोजलं. मग म्हणाली, "टाकी राहू दे मामा. मी पसारा एका पेटीत घालते. टाकीच्या खालच्या कपाटात मावेल अशी."

नेव्हिलने फोनवर नको म्हटलं होतं. मी आल्यावर करू, म्हणाला. पण तो यायच्या आधी माता येणार होती. "मी करते. काही झालं तर माझ्यावर," असं तिने त्याला सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मनात क्रूसाची खूण केली.

काच कापून आणली, काळ्या चिकट गोंदाने सांधली, आणि आतून भिंती घातल्या. वरच्या टाकीतलं पाणी पहिल्या कप्प्यात उतरायचं, तिथे कापडी पिशवीत कचरा अडकायचा. दुसऱ्या कप्प्यात फेसाचं यंत्र. तिसऱ्यात दगडांचे तुकडे आणि शेवाळ, वर छोटा दिवा. चौथ्यातून पंप पाणी परत वर फेकायचा. आणि बाजूला एक उंच, झाकणाचा कप्पा, गोड्या पाण्याचा. हवेने जेवढं पाणी उडून जाईल, तेवढं त्या कप्प्यातून एका तरंगत्या गोळ्याच्या तोटीमुळे आपोआप गळायचं. रोज बादलीने ओतायची कटकट गेली. कोपरा मोकळा झाला. मी स्वतः तो अंगण सारवावं तसा निगुतीने पुसून काढला आणि तिथे मातेसाठी चौरंग मांडला.

आमच्या ह्यांना एकच गोष्ट गळ्याखाली उतरेना. "समुद्राचे प्राणी, आणि त्यांना प्यायचं कॅनचं पाणी? गोडं? उद्या मला पेट्रोल पाजाल."

"उडून जातं ते नुसतं पाणी असतं मामा..." ती सांगायला लागायची.

"मला समुद्र शिकवू नकोस."

आणि मग एक दिवस चमत्कारच झाला. हे आपणहून म्हणाले, "तुला दवाखान्याची ड्यूटी असते. त्या कप्प्यात पाणी भरायचं काम मी करत जाईन." सहाया नर्स आहे. त्या दिवशी कामावर निघताना तिचा चेहरा असा उजळला होता, की गल्लीत बियाट्रिस अक्काने तिला थांबवून विचारलं, "काय गं, काही गोड बातमी?"

गोड नव्हती ती. पण ते आम्हाला त्या वेळी कुठे ठाऊक!

त्यानंतर थोड्याच दिवसांत फूल मिटायला लागलं. सहायाने पाण्याच्या नमुन्यात बाटल्यांतली औषधं घालून सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या बरोबर आल्या. फक्त मिठाची तपासणी करता आली नाही, कारण खारेपणा मोजायची काचेची नळी सामान हलवताना फुटली होती. नवी मागवली होती, ती आली नव्हती. पण मिठाचा संशय घ्यायचं कारणच काय? पाणी तर वेळेवर भरलं जात होतं. बदललं होतं एकच, ती पेटी. सगळ्यांनी पेटीवरच बोट ठेवलं. तिनेसुद्धा.

त्या सकाळी कांजी वाढताना माझी स्वतःची ताटली नेहमीसारखी अळणी होती. नेव्हिल जहाजावर चढला त्या दिवशी मी मातेला नवस बोलले होते, लेकरू घराच्या उंबरठ्यावर पाय ठेवेपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही. हे कांजीवर लोणचं ओढून घेत म्हणाले, "आज दिवसभर बघतो. नाहीच सुधारले, तर उद्या सकाळी घागरीत घालून मी ह्यांना समुद्रात सोडून येतो. डोळ्यांसमोर मरण्यापेक्षा आपल्या घरी जाऊन मरू दे."

"त्यांचं घर उबवणीतली काचेची टाकी आहे मामा." सहायाचा आवाज कापला. "समुद्रात त्यांना कोणीतरी तासाभरात गिळेल."

"मग तुझ्या पेटीत जगव."

ती उठली. "दुपारी अर्धी रजा काढून येते. पेटी फोडते. सगळं पुन्हा सुटंसुटं लावते."

"आणि माता? उद्या संध्याकाळी अख्खी गल्ली येणार आहे."

"मातेला विचारते मी कुठे बसायचं ते," असं म्हणून ती चपला घालून निघून गेली. आमच्या घरात इतकं तोडून कोणी बोललं नव्हतं. हे लोणच्याची फोड चघळायचे थांबले. मग तेही काठी घेऊन बंदराकडे गेले.

घर रिकामं झालं. मी चौरंगावर पांढरं कापड अंथरलं, फुलदाण्या घासल्या. टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून बघितलं, तर पेटीच्या कडांवर मिठाची पांढरी सालं धरली होती. उद्या लोक येणार, म्हणून ओलं फडकं घेऊन पुसायला बसले. गोड्या पाण्याच्या कप्प्याच्या झाकणालाही तशीच पांढरी कडा होती. माझा हात तिथे थांबला.

गोड्या पाण्याला मीठ कुठून?

मी झाकण उचललं. आत पाणी शांत, स्वच्छ. वास नाही. मी बोट बुडवलं आणि जिभेपाशी नेलं. तेवढ्यात नवस आठवला. बोट तिथेच राहिलं. वर टाकीत मोठी मासोळी तोंड उघडत होती, मिटत होती. "माते, तूच समजून घे," असं म्हणून मी बोट जिभेला लावलं.

इतके महिने मीठ न शिवलेली जीभ ती. अंगभर शहारा आला. समुद्र होता तो. आपला अख्खा समुद्र.

मग वरच्या टाकीतलं थेंबभर चाखलं. ते त्याहून खारट होतं. कडवट वाटण्याइतकं खारट.

कोण, हे मला शोधावं लागलं नाही. मागच्या पडवीत, जाळ्याच्या जुन्या गुंडाळीमागे एक पांढरा कॅन होता, आणि त्याच्या बुडाला ओली वाळू.

हे परत आले तेव्हा हातात दुसरा भरलेला कॅन होता. दम लागलेला, सदरा घामाने चिकटलेला. मी पडवीच्या दारात उभी राहिले. मला मोठ्याने बोलता येत नाही. कधी आलंच नाही.

"हे पाणी कुठलं हो?"

"धक्क्याच्या पलीकडून आणलं." त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. "बंदरात तेलकट असतं. ॲन्थनीच्या होडीतून बाहेर जाऊन भरतो मी. निळंशार. पोरीला सांगू नकोस. ती पुस्तकातलं सांगत बसेल. ह्या पाण्यावरच जिवंत आहेत अजून, नाहीतर तिच्या पेटीत केव्हाच मेले असते."

त्या गुडघ्यांनी ते रोज होडीत चढत होते. मला रागवायचं होतं, पण रागाला जागाच सापडेना.

"आपली मिठागरं बघितलीत ना तुम्ही," मी म्हटलं. "समुद्राचं पाणी आत घेतात. ऊन पाणी नेतं. मीठ नेतं का?"

"मीठ कसं नेईल? मिठासाठीच तर..." ते थांबले.

"मग त्याच वाफ्यात पुन्हा समुद्राचं पाणी घातलं तर? आणि पुन्हा? आणि पुन्हा?"

कॅन त्यांच्या हातातून सुटला नाही, पण जमिनीला टेकला. ते टाकीच्या दिशेने बघायला लागले. पडवीतून टाकी दिसतही नव्हती.

"आपण घरात मिठागर केलं म्हणतेस?"

मी त्यांच्या हातातला कॅन बाजूला ठेवला. मग म्हटलं, "सहाया पेटी फोडायला येतेय. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात!" ते एकदम भडकले. "माझ्या बापाने ह्याच पाण्यात बुडी मारली. काल आलेल्या पोरीपुढे मी..." पुढचं त्यांनी गिळलं आणि पाठ फिरवून मागच्या अंगणात जाऊन बसले.

मी चौरंगापाशी जाऊन माळ हातात घेतली. मणी सरकत होते, पण शब्द जागेवर येत नव्हते. मी सांगितलं असतं तर मासे वाचले असते, हे खरं. पण ह्यांची मान त्या घरात पुन्हा वर झाली नसती, आणि तिला ह्यांच्याकडून जे हवं होतं ते कधी मिळालं नसतं. किती वेळ थांबायचं? वर नर आता एका कुशीवर कलला होता.

दार वाजलं. सहाया आली ती तशीच युनिफॉर्ममध्ये कपाटासमोर बसली. पिशवीतून पाना आणि पाती काढली. पंपाच्या वायरीला हात घातला.

मी तोंड उघडलं.

"पेटीला हात लावू नकोस."

मागच्या दारात हे उभे होते. सदऱ्याचं वरचं बटण लावत होते, पाद्र्यासमोर जाताना लावतात तसं.

"पेटी चांगली आहे," ते म्हणाले. "पाणी वाईट आहे. पाणी मी घातलंय. कॅनचं नाही. समुद्राचं."

सहायाने वायर सोडली नाही. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने झाकण उघडलं, बोट बुडवलं, चाखलं, आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते.

"पहिल्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली. तिने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली, तळाशी वाळू घातली, झाकणाला भोक पाडून त्यात शहाळ्याची नळी उभी बसवली आणि मेणाने फटी बुजवल्या. "मामा, तुमचा आजचा कॅन आणा."

बाटली कॅनमधल्या समुद्रात सोडली. नळीचं टोक तेवढं वर राहिलं. पाणी जिथे लागलं तिथे तिने पेनने रेघ मारली. मग तीच बाटली टाकीत सोडली. ती वर आली. रेघ पाण्याच्या वर, बोटाच्या पेराहून जास्त वर जाऊन थांबली. खारट पाण्याने बाटली अशी उचलून धरली होती.

ह्यांनी खाली बसून ते अंतर बघितलं. बोट लावून बघितलं. मग उठून गेले, आणि पिण्याच्या पाण्याची अख्खी घागर उचलून आणली. टाकीवर तिरकी करणार, तोच सहायाने त्यांचं मनगट घट्ट पकडलं. सुनेने सासऱ्याचा हात धरलेला आमच्या घरात मी कधी पाहिला नव्हता.

"एकदम नाही मामा! एकदम गोडं झालं तर आत्ता मरतील!"

घागर हवेत राहिली. पाणी काठाशी हिंदकळलं. आता ती दोन्ही हातांनी घागर सावरत होती.

"कळलं," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "तळातून एकदम वर यायचं नसतं. माझा भाऊ आला होता, वाचला नाही."

घागर खाली ठेवली गेली. सहायाने दवाखान्याच्या सामानातून सलाईनची रिकामी पिशवी आणि नळी काढली. पिशवीत गोडं पाणी भरून उंच टांगलं, नळीची चकती फिरवून थेंब थेंब सोडलं. खालून तेवढंच खारट पाणी मग्याने काढायचं. बाटली पुन्हा रेघेपर्यंत बुडेल तेव्हा थांबायचं, पण ते दोन-तीन दिवसांनी, सावकाश.

"राखण कोण करणार? मला सकाळी ड्यूटी आहे," ती म्हणाली.

"मला झोप कमीच असते," हे म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची टाकीसमोर ओढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्ली गात गात माता घेऊन आली. मूर्ती चौरंगावर बसली, मेणबत्त्या लागल्या, खोलीत मुंगीला जागा उरली नाही. काजूच्या मॅकरूनचं ताट फिरलं, सुंठीची सुक्कु कॉफी फिरली. बियाट्रिस अक्का नेमकी टाकीशेजारी बसली आणि टांगलेल्या पिशवीकडे बघून तोंडाला पदर लावला.

"अगोबाई! गास्पर अण्णा, माशांना सलाईन लावलंय?"

"हो," हे खुर्चीवरून न उठता म्हणाले. "शिल्लक राहिलं तर तुझ्या जिभेला लावीन. तिथेही थोडं गोडं पाणी गेलं तर बरं."

सगळे हसले. सहाया हसली नाही. ती प्रार्थनेत डोळे मिटून होती, पण प्रत्येक पदानंतर एक डोळा उघडून नराकडे बघत होती. तो अजून सरळ झाला नव्हता. फूल अजून मिटलेलं. मी मातेकडे काही मागितलं नाही. माझे सगळे नवस आधीच बोलून झाले होते.

नेव्हिल सकाळच्या गाडीने आला. उंबरठ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या पिशव्या टाकून तो टाकीपाशी गेला. मादी फुलाच्या कडेला टेकली होती. नर तिच्या मागे होता, दमलेला, पण सरळ. फूल थोडं, पापणी किलकिली करावी तेवढं, उघडलं होतं.

"हे काय झालंय?" त्याने सलाईन बघितलं, मग कपाटातली पेटी बघितली, मग बायकोकडे. "मी म्हणालो होतो, थांब."

सहायाने मान खाली घातली. मी बघत होते. तिने ह्यांचं नाव घेतलं नाही.

हे खुर्चीतून उठले. गुडघे वाजले. "तिला काय विचारतोस? मला विचार. पेटी तिने बरी केलीये. अख्खा पसारा कपाटात घातला आणि मातेला जागा दिली. बिघडवलं मी. गोड्या पाण्याच्या कप्प्यात मी समुद्र भरत होतो."

नेव्हिलला हसू आवरेना म्हणून तो वळला, मग सहायाच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाला. ती रडत होती. ह्यांनी म्हटलेलं 'बरी केलीये' तिने ऐकलं होतं, एवढंच मला दिसलं.

त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या ताटात मीठ वाढायची घाई केली. नवस फिटला होता. मी ताटली बाजूला सरकवली. बोटभर चाखलं होतं ते मातेने बघितलंच असणार. म्हणून आणखी एक नोव्हेना, प्रार्थनेचे नऊ दिवस, अळणी, असं मी मनाशी ठरवलं, आणि कोणाला कारण सांगितलं नाही.

पाणी अजूनही हेच भरतात. सकाळी पिण्याचा कॅन उघडतात, बोट बुडवून चाखतात, क्रूसाची खूण करतात आणि मग कप्प्यात ओततात. सहाया दाराशी चपला घालताना विचारते, "मामा, गोडं आहे ना?"

"ये, चाख," हे म्हणतात. आणि ती कामाला उशीर होत असला तरी येऊन चाखते.